वाटणीचं पाणी

वीसेक वर्षं मी वाट बघण्याचा पगार घेतला. कामाचं नाव मात्र भारदस्त होतं, जर्नी मॅनेजर. लांज्यातल्या आमच्या नातेवाइकांना अजून वाटतं की दळवींचा थोरला दुबईत ट्रॅव्हल कंपनी चालवायचा. एका चुलतबहिणीच्या सासऱ्यांनी तर युरोप टूरला किती डिस्काउंट देता म्हणून फोन केला होता. मी म्हटलं, आमच्याकडे एकच टूर आहे, वाळवंटात जायचं आणि वेळेवर परत यायचं. त्यांनी फोन ठेवला.

दुबईसुद्धा नव्हे ते. रुवैसच्या रिफायनरीपासून दक्षिणेला निघालं की आधी डांबरी रस्ता संपतो, मग खडीचा ट्रॅक संपतो आणि मग आमचा कॅम्प लागायचा. पत्र्याच्या केबिन, एक मेस, नमाजासाठी ठेवलेली एक केबिन आणि टोकाला माझी कंट्रोल रूम. जमिनीखाली तेल कुठे दडलंय ते मोजणाऱ्या कंपनीचा हा कॅम्प. रोज पहाटे गाड्या बाहेर पडायच्या. प्रत्येक गाडीने मला सांगायचं: कुठे चाललो, कुठल्या वाटेने, माणसं किती, पाणी किती, परत कधी. सांगितलेली वेळ टळली की मी रेडिओवर हाक मारायचो. उत्तर नाही आलं की दुसऱ्या गाड्या काढायचो. गावी बसडेपोत कंट्रोलर होतो तेव्हाही हेच करत होतो. फरक एवढाच, की तिकडे गाडी आली नाही तर सगळा स्टँड माझ्या नावाने बोटं मोडायचा. इकडे गाडी आली नाही हे माझ्याशिवाय कुणाच्या गावीही नसायचं.

नव्या माणसांचा मी एक तास क्लास घ्यायचो. त्या क्लासचं सार एका वाक्यात होतं. गाडी सोडायची नाही. वाळूत रुतली, बंद पडली, काही झालं तरी गाडीपाशी थांबायचं. गाडी मोठी असते, पांढरी असते, हेलिकॉप्टरमधून दिसते. तिच्याखाली सावली असते. माणूस एवढासा, वाळूच्या रंगाचे कपडे घातलेला, तो चालू लागला की हरवला. सगळे माना डोलवायचे. मल्याळी, फिलिपिनो, पठाण, आपले, सगळे. आणि दर उन्हाळ्यात एखादा तरी चालू लागायचा. आमचा एक स्टोअरकीपर टॉवरचा लाल दिवा बघून निघाला होता. ‘साब, बिलकुल पास दिखता था,’ म्हणाला. सपाट जमिनीवर लांबचं जवळ दिसतं, हे मी त्याला दोनदा शिकवलं होतं. तो वाचला, कारण चालता चालता आमच्याच टँकरच्या वाटेत येऊन पडला.

जनावराला बरोबर कळतं, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. मला ते सरसकट पटत नाही. कॅम्पच्या मागे एसीचं पाणी ठिबकायचं तिथे एक म्हातारी उंटीण रोज यायची. पुढे कॅम्प हलला. नव्या जागी पाण्याचा हौदच होता, तिला लांबही नव्हता. पण ती जुन्याच जागी येऊन उभी राहायची. कुणी हाकललं तरी फिरून तिथेच. ऐन उन्हाळ्यात ती तिथेच बसली आणि मेली. तिच्या डोक्यात पाणी तिथेच होतं. तेव्हा जनावराचं शहाणपण म्हणजे काय, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तरीही मला एका कुत्रीबद्दलच लिहायचं आहे.

तिचं नाव यल्ला. सगळे तिला यल्ला, यल्ला, म्हणजे चल नीघ, म्हणून हाकलायचे आणि ती तेवढ्यानेच शेपूट हलवत जवळ यायची, म्हणून ते नाव पडलं. पिवळट, हडकुळी, एक कान फाटलेला. कुणीतरी गाडी काढली की ती पिकअपच्या मागच्या हौद्यात उडी मारून बसायची. यूसुफच्या गाडीवर तर तिचा हक्कच होता.

यूसुफ मुकादम दापोलीकडचा. ड्रायव्हर. वयाने माझ्या बरोबरीचा, गुडघे कामातून गेलेले. क्लासमध्ये तो मागच्या बाकावर बसून डुलक्या काढायचा. वाळवंटाबद्दल त्याला काही खास ज्ञान होतं असं मुळीच नाही. वर्षानुवर्षं गाडी चालवूनही उत्तर कुठली ते तो मला विचारायचा. कुत्र्याला मात्र तो हात लावत नसे. त्यांच्यात कुत्र्याची लाळ लागली तर ती जागा सात वेळा धुवावी लागते, त्यातली एक खेप मातीने. ‘इथे प्यायला पाणी मोजून मिळतं दळवी, सात वेळा धुवू कशाने,’ असं म्हणून तो यल्लाला चपातीसुद्धा लांबून फेकायचा.

त्याची आणखी एक सवय होती, आणि ती तिकडच्या बऱ्याच ड्रायव्हरांची असते. वाटेत उंट राखणारे एकटेदुकटे लोक असतात. मालक आठवड्यातून एकदा फिरकतो. जाणारा ड्रायव्हर त्यांना पाण्याचा एखादा बॉक्स, थोडे खुबूस, म्हणजे तिकडच्या रोट्या, देऊन जातो. आमच्या वाटेवर बशीर नावाचा मुलतानकडचा राखणदार होता. यूसुफने त्याला बॉक्स दिला नाही असा दिवस मला आठवत नाही. नियमात ते बसत नव्हतं. पण तहानलेल्या माणसासमोरून पाणी घेऊन पुढे कोण जाईल? मीही कधी रोखलं नाही.

आता अभिजित. पुण्याचा, सर्व्हे इंजिनियर, तिशीतला. बायको मृण्मयी आणि मुलगी सई दुबईत डिस्कव्हरी गार्डन्समध्ये, आमच्या मागच्याच बिल्डिंगीत. सुट्टीला आम्ही एका गाडीने घरी यायचो. अख्खा रस्ता याची बडबड. बहुतेक सईबद्दल. पोरगी घरात इंग्लिशच बोलते, नर्सरीचा परिणाम, पण मराठी वाचायला मीच शिकवणार, मृण्मयीला नाही जमायचं, तिला पेशन्स नाही, वगैरे. दुबईच्या देऱ्यातल्या कुठल्याशा दुकानातून त्याने मुळाक्षरांचा तक्ता पैदा केला होता आणि तो गुंडाळलेला तक्ता कितीतरी दिवस गाडीच्या मागच्या सीटवर लोळत होता.

डोकं मात्र तल्लख. माझा क्लास ऐकल्यावर म्हणाला, ‘काका, तुम्ही नुसतं घाबरवता. कारण सांगा, म्हणजे लोक ऐकतील.’ आणि त्यानेच कारणं लिहून दिली. उन्हात चालणारा माणूस तासाला किती पाणी घामावाटे घालवतो, किती गेलं की डोकं चालेनासं होतं, सगळं. तेव्हापासून तो भाग क्लासमध्ये अभिजितच शिकवायचा, आणि सांगायला लाज कसली, माझ्यापेक्षा चांगला शिकवायचा.

त्या दिवशी दोन गाड्या निघाल्या होत्या. एकीत यूसुफ आणि अभिजित, मागे हौद्यात यल्ला. एकटी गाडी पाठवायची नाही हा आमचा नियम. वाटेत दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स कुरकुरायला लागला, ती मागे फिरली. सॅटेलाइट फोन तिच्यातच होता. अभिजितने रेडिओवर विचारलं, ‘काका, सर्व्हेची एकच खूण बघायची राहिलीय. उरकून येऊ?’ मी म्हटलं, अजिबात नाही, आत्ता फिर. तो म्हणाला, ‘ओके, फिरलो.’

आणि तो फिरलाही. फक्त आल्या वाटेने आला नाही. सबखा ओलांडून तिरकं आलं तर ती खूण वाटेतच पडत होती. सबखा म्हणजे मिठाची सपाट जमीन. वरून फरशीसारखी कडक दिसते. खाली चिखल. पापुद्रा फुटला की चाक आत गेलं, आणि ते जितकं फिरवाल तितकं खोल जातं. गाडीची पुढची चाकं आत बसली, मागची बाजू वर राहिली. रेडिओ तिथून पोचत नव्हता. ट्रॅकर होता, पण तो मोबाइलच्या नेटवर्कवर चालायचा, आणि नेटवर्क कधीच मागे राहिलं होतं. पाण्याचा एक बॉक्स सकाळीच बशीरला दिलेला.

वेळ टळल्यावर मी हाका मारायला सुरुवात केली. गाड्या काढल्या, त्या त्याच्या परतीच्या वाटेवर. कारण ‘फिरलो’ म्हणाला होता ना तो. त्यात धुळीचं वादळ उठलं. पुढचा माणूस दिसेना. हेलिकॉप्टरवाल्यांनी स्पष्ट सांगितलं, धूळ बसल्याशिवाय उडणार नाही. मी रेडिओपाशी बसून राहिलो. अख्खी रात्र एकच नाव पुकारत होतो. पलीकडून नुसती खरखर.

पुढचं मला यूसुफने सांगितलं, ते त्याच्याच तोंडून मला जसं कळलं तसं लिहितो.

गाडी बसल्याबरोबर यल्लाने हौद्यातून उडी मारली आणि गाडीखाली उकरायला लागली. वरची गरम माती काढून खालच्या ओलसर मातीत पोट टेकून पडली ती पडलीच. यूसुफचे गुडघे दुखत होते, तो घाबरलेला होता, त्याला दुसरं काही सुचलं नाही. तोही सरपटत तिच्या बाजूला जाऊन पडला. अभिजित मात्र बसेना. फावड्याने चाकं मोकळी करून बघितली. बॉनेटवर चढून रेडिओ हवेत धरून बघितला. रात्री दोघं गाडीत बसले. अभिजितने पाण्याच्या बाटल्या सीटवर मांडल्या आणि हिशोब केला. उद्या धूळ राहिली तर कुणी येणार नाही. एवढं पाणी दोघांना संध्याकाळपर्यंत पुरत नाही. एकाला पुरतं. खडीचा ट्रॅक इतका लांब, पहाटे निघालं तर ऊन चढायच्या आत पोचतो.

‘मी त्याला हाताला धरलं, दळवी,’ यूसुफ मला म्हणाला. ‘म्हटलं, तूच शिकवतोस ना रे बाबा, गाडी सोडायची नाही म्हणून? तर म्हणाला, मुकादमचाचा, तो नियम पाणी असेल तेव्हाचा आहे. आता नंबर वेगळे आहेत.’

धुळीत दिशा कळणार नाही हे त्याला कळत होतं. म्हणून त्याने यल्लाच्या गळ्यात दोरी बांधली. कुत्री कॅम्पला बरोबर जाते, तिच्या मागून जाऊ, हा त्याचा विचार. पहाटे निघाला. एक बाटली घेतली, बाकी सगळ्या यूसुफपाशी ठेवल्या. यल्ला थोडी गेली आणि तिने बूड टेकलं. ओढली तरी हलेना. शेवटी मान काढून घेऊन परत आली आणि आपल्या खड्ड्यात जाऊन पडली. यूसुफला धुळीतून अभिजितचा आवाज आला, ‘राहू दे तिला.’ तो शेवटचा.

सकाळी मी स्वतःच गाडी काढली. कंट्रोल रूम सोडायची नसते, पण मला बसवेना. बशीरच्या गोठ्यापाशी पोचलो तर तो धुळीतून हात हलवत पळत आला. ‘साब, यूसुफभाई कल गया, वापस नहीं आया. रोज वापसी में सलाम करके जाता है. मैं रास्ता देखता रहा.’ आणि त्याने सबखाच्या बाजूला हात दाखवला. त्याने त्यांना आत वळताना लांबून बघितलं होतं. म्हणजे त्या गाडीची वाट बघणारा आणखी एक माणूस होता. आमच्या सगळ्या गाड्या त्याच्या उलट बाजूला शोधत होत्या.

दुपारी गाडी सापडली. मी वाकून खाली बघितलं. यूसुफ कुशीवर पडला होता, डोळे उघडे, ओठ फुटलेले, आणि यल्ला त्याच्या पोटाला चिकटून धापा टाकत होती. मागच्या चाकाच्या आडोशाला पाण्याच्या बाटल्या ओळीने उभ्या केलेल्या होत्या. झाकणं न उघडलेल्या. मी एक उचलली त्याला पाजायला, तर त्याने माझं मनगट धरलं.

‘ती नको. त्या अभिजितच्या वाटणीच्या आहेत. माझं मी प्यायलो.’

त्याने बाटल्यांचे दोन भाग केले होते. आपल्या भागातलं पाणी चाकाच्या टोपीत ओतून यल्लालाही पाजलं होतं. अभिजितच्या भागाला हात लावला नव्हता. परत येईल तेव्हा लागेल, म्हणाला.

अभिजित फार लांब गेला नव्हता. धुळीत माणूस सरळ चालत नाही, वळत जातो, आणि त्याला ते कळत नाही. एका झुडपाच्या आडोशाला सापडला. झुडपाखालची माती त्याने हातांनी उकरली होती आणि त्या खड्ड्यात अंग मुडपून पडला होता. अगदी यल्ला पडली होती तसाच. रिकामी बाटली झाकण लावून बॅगेत ठेवलेली. दोरी मनगटाला गुंडाळलेली. मी त्याच्या शेजारी बसलो आणि रडलो. माझ्याबरोबरची मंडळी जरा लांब जाऊन उभी राहिली.

यूसुफला रुवैसच्या हॉस्पिटलमध्ये ठेवलं. जरा बसता यायला लागल्यावर त्याने मला काय आणायला सांगितलं असेल? माती. बाहेरच्या कुंडीतली मूठभर माती मी चहाच्या पेल्यातून आणली. त्याने बेसिनपाशी उभं राहून हात, मान, दंड, जिथे जिथे ती त्याला चिकटली होती तिथे एकदा माती चोळून धुतलं, मग पुन्हा पुन्हा धुतलं. मी नळ धरून उभा. ‘तिचा राग नाही दळवी,’ म्हणाला. ‘तिने मला थंड ठेवलं. पण धुवायला तर पाहिजे.’ मग त्याने विचारलं, तिला कुणी खायला घातलं का.

डिस्कव्हरी गार्डन्सला जाऊन मृण्मयीला सांगायचं काम माझ्याकडेच आलं. सई शाळेतून यायची होती. ते मी इथे लिहीत नाही.

कंपनीने चौकशी केली आणि क्लाससाठी एक स्लाइड बनवून दिली. रुतलेल्या गाडीचा फोटो, गाडीखाली यल्ला. वर मोठ्या अक्षरांत इंग्लिशमध्ये लिहिलेलं, ‘कुत्रीलासुद्धा कळलं.’ खाली बारीक अक्षरांत, इंजिनियरने गाडी सोडली, मृत्यू. ड्रायव्हर आणि कुत्री थांबले, वाचले. पोरं हसायची. दर क्लासला हसायची. मी सांगून बघितलं, की त्याने पाणी दुसऱ्यासाठी सोडलं हेही टाका. सेफ्टीवाला साहेब म्हणाला, दळवी, एका स्लाइडवर एकच मेसेज. आणि खरं सांगायचं तर त्याचंही बरोबर होतं. त्या स्लाइडमुळे कुणी ना कुणी गाडीपाशी थांबलंच असणार. मी रिटायर होईपर्यंत ती दाखवत राहिलो. नाव त्यावर नव्हतं, एवढंच समाधान.

या वर्षी गणपतीत सई आमच्या दुबईच्या घरी आली. आता ती कॉलेजच्या उंबऱ्यावर आहे, उंची थेट बापाची. आरती झाल्यावर प्रसादाची वाटी घेऊन माझ्याजवळ बसली आणि मोबाइल पुढे केला. शाळेच्या डेझर्ट कॅम्पला ट्रेनरने दाखवलेली स्लाइड, तिने फोटो काढून आणलेला.

‘काका, इज दिस पापाज कार?’

मी हो म्हटलं. खोटं बोलून उपयोग नव्हता, गाडीचा नंबर दिसत होता, आणि त्याच गाडीपाशी उभ्या अभिजितचा फोटो त्यांच्या घरी भिंतीवर आहे.

‘एव्हरीवन लाफ्ड,’ ती म्हणाली. ‘आय लाफ्ड टू. देन आय सॉ द नंबर.’

मग मी तिला सांगितलं. तो का निघाला, पाणी कसं ठेवून गेला, यूसुफचाचा कसा वाचला. ती वाटीकडे बघत ऐकत होती. मला वाटलं एवढ्याने भागेल. पण बापाचंच डोकं ते.

‘सो वॉज ही राइट? देअर वॉजन्ट इनफ वॉटर फॉर बोथ?’

त्या बाटल्या मी कितीदा मनात मोजल्या आहेत. अभिजितचं गणित चुकलं नव्हतं. ते उन्हात चालणाऱ्या माणसाचं होतं, क्लासमध्ये शिकवायचा तेच. ओल्या खड्ड्यात कुत्रीशेजारी निपचित पडलेल्या माणसाला किती कमी पाणी लागतं, ते त्यात धरलेलंच नव्हतं. आम्ही पोचलो तेव्हा एका माणसाचं पाणी तिथे झाकणासकट उभं होतं. थांबला असता तर त्याच दुपारी मी दोघांनाही गाडीखालून ओढून काढलं असतं.

‘नाही गं,’ मी म्हटलं. ‘दोघांना नव्हतंच पुरणार. तो गेला म्हणून यूसुफ राहिला.’

तिने मान हलवली. डोळे पुसले आणि माझ्या हातावर हात ठेवला. ‘थँक्स, काका.’

जाताना लिफ्टपाशी मृण्मयी मागे रेंगाळली. सई खाली गाडी काढायला गेली होती. मृण्मयी म्हणाली, ‘दळवीकाका, तिला सांगितलंत ते मी ऐकलं. बरं केलंत. यूसुफभाई हॉस्पिटलमधून सुटल्यावर आधी माझ्याकडे आले होते. बाटल्या घेऊन. म्हणाले, ही त्याची अमानत. मी त्या कितीतरी महिने ठेवल्या होत्या, मग पाणी तुळशीला घातलं.’

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं, आणि इतकी वर्षं तिने मला एका शब्दाने विचारलं नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून सांगितलं, की इथल्या मंडळाच्या दिवाळी अंकात कामाच्या आठवणी लिहायला सांगितल्यात, पण हे सोडून दुसरं काही हातून उतरत नाही. आणि हे लिहिलं तर खरंच लिहावं लागेल.

लिफ्ट आली. तिने दार हाताने धरून ठेवलं.

‘लिहा,’ ती म्हणाली. ‘सईला मराठी वाचता येत नाही. ते अभिजित शिकवणार होता.’